वर्षातून आठ दिवसांचे गावकरी

आमच्या व्याह्यांइतका पाहुणा व्हायला नाखूश माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडणार नाही. माणसं कोणाकडे पाहुणी म्हणून गेली की सुखावतात. बसायला चांगली खुर्ची, चहासोबत चिवडा, वरून आग्रहाचा लाडू, कोणाला नको असतं? पण माझ्या लेकीच्या ह्या सासऱ्यांना कोणी "या पाहुणे, बसा" म्हटलं की त्यांचा चेहरा भर रस्त्यात चप्पल तुटल्यासारखा होतो. लग्नाला गेले की ते पंगतीत बसत नाहीत, वाढायला उभे राहतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले ते मुलगी पाहायला, म्हणजे त्या दिवशी मान केवढा त्यांचा. तर हे पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या शेगडीचा एक बर्नर नीट पेटत नव्हता, तो टाचणीनं साफ करून बाहेर आले. मुलगी पसंत आहे हे आम्हाला रात्री फोनवर कळलं. शेगडी मात्र त्या दुपारपासूनच छान पेटायला लागली होती.

पुढं लग्नाच्या बोलणीला बसलो तेव्हा मी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचं गाव कोणतं हो?" त्यांनी सांगायला सुरुवात केली. वडील सरकारी नोकरीत, बदलीचे; मग हे स्वतः सरकारी नोकरीत, बदलीचे. यवतमाळ झालं, वणी झालं, पुसद, गोंदिया, वरोरा, मधेच गडचिरोली, पुन्हा वणी. मला वाटलं एसटीची पाटी वाचताहेत. मी म्हटलं, "तसं नाही, मूळ गाव." तेव्हा त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मूळ असं नाही ताई. क्वार्टर होतं." शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी लगेच सावरून घेतलं. त्या पक्क्या वऱ्हाडी, बोलायला एकदम मोकळ्या. म्हणाल्या, "यायले गाव नाही, पण साऱ्या गावाची पंचाईत आहे." सगळे हसले, व्याहीही हसले, आणि बोलणी हुंड्याशिवाय, भांडणाशिवाय पार पडली. ते "क्वार्टर होतं" मात्र माझ्या डोक्यात राहून गेलं.

आता पाहुणा व्हायचं नाही तर मग काय व्हायचं? तर तिथलंच व्हायचं. आणि माणूस तिथला झाला ह्याची त्यांच्या लेखी एकच खूण, ती म्हणजे भाव. बाहेरच्याला दुकानदार एक भाव सांगतो आणि "आपल्या माणसाले" दुसरा. त्या आपल्या माणसांत आपण बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. लोभी म्हणाल तर अजिबात नाहीत; जे काही वाचतं त्याचा त्याच दुकानासमोर सगळ्यांना उसाचा रस पाजून मोकळे होतात. एकदा आमचे हे त्यांच्यासोबत इथं नागपुरातच धरमपेठेत चादरी घ्यायला गेले होते. व्याही दुकानदाराला म्हणाले, "जरा भाव पाहून सांगा, मी मागच्याच गल्लीतला आहो." दुकानदार म्हणाला, "काका, मागं तं नाला आहे." एखादा माणूस ओशाळला असता. व्याही म्हणाले, "हो ना, नाल्याच्या थोडं पलीकडं."

आणि संत्र्यांची गोष्ट तर आमच्या दोन्ही घरांत अजून सांगितली जाते. घरी दोन डझन संत्री हवी होती, पण ती बाजारातल्या गिऱ्हाइकाच्या भावानं नको, कळमन्याच्या घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्याच्या भावानं हवी. म्हणून एका सकाळी डोक्याला पंचा गुंडाळून कळमन्याला गेले. तिथं जमिनीवर संत्र्यांचे ढीगच्या ढीग मांडलेले असतात आणि एकेका ढिगाची बोली होते. हे व्यापाऱ्यांच्या घोळक्यात असे उभे राहिले की जणू बापजाद्यांपासून अडत चालवतात. बोली पुकारणारा म्हणाला, काय माल आहे भाऊ, काय रंग आहे. ह्यांना ते मनापासून पटलं आणि त्यांनी मान डोलावली. तो पुन्हा म्हणाला, ह्यांनी पुन्हा डोलावली. आणि ढीग ह्यांच्या नावावर सुटला. कळमन्यात मान डोलावण्याचा अर्थ "खरं आहे" असा नसून "घेतला" असा असतो, हे त्यांना टेम्पो भरायला लागल्यावर कळलं. मग काय, त्यांच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मजल्यावर, आमच्या गल्लीत, देवळातल्या पुजाऱ्याकडे, सगळीकडे संत्री. विहीणबाईंनी शेवटी दारावर आलेल्या भाजीवालीलाच विचारलं, "बाई, संत्री घेते का वं?" मी फोन केला तर व्याही खुशीत होते. म्हणाले, "पण ताई, एकानंही विचारलं नाही मले, तुम्ही कुठले म्हणून. सरळ ढीग दिला."

असा माणूस टाइमशेअरच्या तावडीत सापडला नसता तरच नवल. टाइमशेअर म्हणजे काय हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला, म्हणून सांगून ठेवते. डोंगरावर एक हॉटेलवजा इमारत असते. तिच्यातल्या एका खोलीचे तुम्ही मालक, पण वर्षातून एका आठवड्यापुरते. बाकीच्या आठवड्यांचे मालक निराळे. एकच म्हैस वाड्यावस्तीतल्या सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि दूध ज्याच्या त्याच्या वाराला काढायचं, असं मी आपलं समजून घेतलं. तर अशा एका कंपनीचं आमंत्रण आलं. नवरा-बायकोनं हॉटेलात यायचं, भाषण ऐकायचं, जेवायचं आणि जाताना कुकर घेऊन जायचा. विहीणबाई कुकरसाठी तयार झाल्या. व्याही कुरकुरत गेले, कारण आमंत्रणावर "आमचे पाहुणे" असं छापलं होतं. पण तिथल्या टाय लावलेल्या माणसाला कुठून सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, "सर, बाकी लोक तिथं पाहुणे म्हणून येतात. तुम्ही मालक म्हणून याल." झालं. भाषण पुढं चालू होतं, पण ह्यांचं ऐकून झालं होतं. विहीणबाई आजही कुकरची शिट्टी झाली की म्हणतात, "ऐकून राहिले ना? हा कुकर चिखलदऱ्याच्या खोलीच्या भावात पडला मले."

हो, चिखलदऱ्याला. दिवाळीनंतरचा आठवडा ह्यांच्या वाट्याला आला. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीचा फराळ संपायच्या आत परतवाड्याच्या वाटेनं ह्यांची गाडी घाट चढायला लागली. आणि गाडीत काय असायचं ते ऐका. स्वतःचा झाडू. देवाचा एक छोटा फोटो. कुंडीतली तुळस, ती विहीणबाईंच्या पायापाशी. आणि पितळेची नावाची पाटी. खोलीत पाऊल टाकलं की पेचकस काढून आधी ती पाटी दारावर लावायची, मग सामान आत. दूधवाल्याला आठवडाभराचा रतीब सांगायचा. पेपर लावायचा. चौकातल्या सलूनवाल्याकडे जाऊन "नेहमीसारखे कापा" म्हणायचं. तिथल्या मॅनेजरनं एकदा नम्रपणे विचारलं, "साहेब, पाटीची गरज आहे का?" तर म्हणाले, "उद्या टपाल आलं तर पोस्टमननं कोणाला विचारायचं?" आणि टपाल खरंच आलं, निघायच्या आधी नागपुरातून त्यांनीच स्वतःला एक पोस्टकार्ड टाकून ठेवलं होतं.

एका वर्षी लेक-जावयाला जमलं नाही म्हणून आम्हा दोघांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरल्यावर तिथल्या एका बागेत फिरायला गेलो. तिकिटाच्या खिडकीवर भाव लिहिलेले, आणि खाली ओळ: स्थानिक रहिवाशांना अर्धं तिकीट. व्याह्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, आता पाहा म्हणून. खिडकीच्या आत एक चाळिशीच्या बाई होत्या. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिथल्याच गवळी घरातल्या, नाव सगुणा. घरी म्हशी, नवरा खवा करून विकतो, आणि ह्या खिडकी सांभाळतात, हे सगळं मला व्याह्यांनी येतायेताच सांगितलं होतं, कारण त्यांचं हे भांडण तेव्हा काही वर्षांचं जुनं झालं होतं.

"चार स्थानिक," व्याही म्हणाले.

"आले का काका," सगुणाबाई म्हणाल्या. "चार पूर्ण ना?"

"मालकी आहे माझी इथं. कागद दाखवू?"

"मांगच्या वर्षी दाखवले तुमी. छान कागद आहे." त्या शांतपणे तिकिटं फाडत होत्या. "आठ दिवसाचे मालक तुमी. मंग तिकिटाचा बावन्नावा हिस्सा कमी करू का?"

मागं रांगेतलं कोणीतरी हसलं. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, त्यांना कागदपत्राचा विषय निघाला की राहवत नाही. ते म्हणाले, "व्याहीबुवा, मालकी वेगळी आणि रहिवास वेगळा."

"तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" व्याही म्हणाले. मग खिडकीत वाकून, "बरं सगुणाबाई, तुम्हीच सांगा. इथला माणूस म्हणजे कोण?"

त्या बाईंनी तिकिटं बाजूला ठेवली. त्यांनाही भांडण आवडत असावं. म्हणाल्या, "सांगू? उन्हाळ्यात इथं पाणी आटते. टँकर येते. आमी सारे डबे घेऊन रांगेत उभे राहतो. त्या रांगेत तुमी मले कधी दिसले नाही, काका. जो त्या रांगेत दिसते तो इथला."

व्याह्यांनी पाकीट काढलं. चार पूर्ण तिकिटं घेतली. बागेत फुलं होती, दरीतून वर येणारं धुकं होतं, पण ह्यांचं लक्ष नव्हतं. विहीणबाई मला म्हणाल्या, "काही तरी शिजून राहिलं यायच्या डोक्यात. आता पाहा तुम्ही."

मे महिन्यात ते शिजून वर आलं. नागपूर तापलेलं, दुपारी कुत्रंही सावली सोडायला तयार नाही, आणि विहीणबाईंचा फोन. "ताई, हे सकाळी उठून प्लास्टिकचा डबा घेऊन एसटीनं गेले वं." मी म्हटलं, कुठं? "कुठं म्हणजे? चिखलदऱ्याले. पाण्याच्या रांगेत उभं राहाले." मे महिन्यात तिथं ह्यांची खोली ह्यांची नसते, तिच्यात दुसरे मालक झोपलेले असतात, म्हणून मुक्कामाचाही प्रश्न नव्हता. ते गेले, टँकरची वाट पाहत बायकांच्या रांगेत उभे राहिले, कोणाचं भांडं पुढं सरकलं म्हणून निवाडाही केला, डबा भरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे पाणी न्यायचं कुठं. भरलेला डबा घेऊन ते विचारत विचारत सगुणाबाईंच्या दारात गेले आणि म्हणाले, "हे घ्या. दिसलो ना रांगेत?"

सगुणाबाईंची सासू म्हणे हसता हसता ओट्यावर बसली. त्यांनी जेवू घातलं, खवा बांधून दिला, नवरा मोटारसायकलवर घेऊन परतवाड्याच्या एसटीपर्यंत सोडून आला. पण दिवाळीनंतर हे खिडकीवर गेले तर पुन्हा पूर्ण तिकीट. "पाणी भरलं ते खरं, काका," सगुणाबाई म्हणाल्या, "पण प्यालं कोण? आमी." व्याह्यांनी त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला आणि बजावून सांगितलं, "वरून काही निर्णय झाला, नियम बदलला, तर मला लगेच फोन करायचा." त्यांनी बिचाऱ्यांनी नंबर ठेवून घेतला.

पुढं सगळं वर्ष आमच्या घरी त्यांचे फोन. मी पोळ्या लाटत असले की फोन वाजायचा. "ताई, तुम्ही निकाल द्या. माणूस घरात राहतो की घर माणसात?" मी म्हणायची, "व्याहीबुवा, तवा तापला आहे, संध्याकाळी देते निकाल." संध्याकाळी ते निकाल घ्यायला खरंच यायचे, जाताना आमच्या ट्यूबलाइटचा चोक बदलून जायचे. वरवर हा सगळा तमाशा होता, पण एकदा आमच्या जावयानं जेवताना म्हटलं, "बाबा, अर्ध्या तिकिटासाठी केवढं करता, मी देतो ना पैसे." तेव्हा व्याह्यांनी घास खाली ठेवला. "पैशाचं नाही रे. कुठंतरी एका खिडकीवर कोणीतरी म्हणावं ना, हा आपला आहे म्हणून. एका ठिकाणी तरी." आणि लगेच ताकाचा पेला उचलून घोट घेतला. मी त्या दिवसानंतर निकाल टाळले.

मग एकदा भर श्रावणात त्यांचा फोन वाजला आणि तो सगुणाबाईंचा होता. नियम बदलला नव्हता. नवऱ्याला कावीळ झाली होती, पित्ताच्या पिशवीत खडे अडकले होते, आणि डॉक्टरनं नागपूरला धंतोलीत न्यायला सांगितलं होतं. "काका, आमचं नागपुरात कोणी नाही जी," एवढंच त्या म्हणाल्या.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. विदर्भातल्या गावागावांत प्रत्येक घराला नागपुरात एक माणूस लागतो. दुखणं मोठं झालं की धंतोली गाठावी लागते, आणि धंतोलीत दवाखाने इतके दाटीवाटीनं आहेत की नवख्या माणसाला आपला पेशंट कोणत्या दारातून आत गेला तेच कळत नाही. मग तो नागपुरातला माणूस कामी येतो. कोणाचा मामा असतो, कोणाचा मेहुणा, कोणाचा गावचा मास्तर. त्याच्या घरी टेकायचं, त्याच्या घरचा डबा खायचा, डॉक्टरचं बोलणं त्यानं समजावून सांगायचं. आयुष्यभर मी इथं, पण व्याह्यांसारखा त्या कामाला जन्मलेला माणूस मी पाहिला नाही. अँब्युलन्स यायच्या आधी ते दवाखान्याच्या फाटकात उभे. रक्त कुठं मिळतं, औषध कोणत्या दुकानात रात्रभर मिळतं, कोणत्या जिन्यात बसलं तर चौकीदार उठवत नाही, सगळं त्यांनी अर्ध्या दिवसात गोळा केलं. घरी हॉलमध्ये गाद्या पडल्या. सगुणाबाईंची सासू, दीर, दिराची बायको, सगळे तिथं. विहीणबाईंनी कुकर चढवला आणि मला फोन केला, "ताई, तुमचा मोठा डबा घेऊन या वं, मी एकटी पुरून नाही राहिली."

मी डबा घेऊन थेट दवाखान्यातच गेले. ऑपरेशनच्या आधीचे कागद चालू होते. टेबलामागची मुलगी म्हणाली, "पेशंटचे नागपुरातले नातेवाईक कोण? त्यांची सही लागेल." व्याही पुढं झाले. "मी."

"पेशंटचे कोण तुम्ही?"

आणि बाई, सांगते काय, ज्या माणसानं नाल्याच्या पलीकडची गल्ली काढून दाखवली, बावन्न मालकांच्या म्हशीवर तासन्‌तास वाद घातला, तो पेनाचं टोपण लावायला-काढायला लागला. पेन हातात, नजर कागदावर. मला वाटलं, आता म्हणतील मालक आहे, कागद दाखवू का. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन दिवसांच्या जागरणानं डोळे सुजलेले. त्या उठल्याही नाहीत. "काका होत आमचे," त्या म्हणाल्या, "लिहा ना बाई, काका." मुलीनं लिहिलं. व्याह्यांनी सही केली, आणि मग मला म्हणाले, "ताई, डबा इथं नका ठेवू, मुंग्या होतात," आणि डबा घेऊन भराभरा जिना उतरून गेले. बराच वेळ वर आले नाहीत.

नवरा बरा झाला. घरी गेला, पुन्हा खवा करायला लागला. दिवाळीनंतर व्याही-विहीणबाई नेहमीसारखे घाट चढून गेले, आणि मी इकडे फोनची वाट पाहत होते, कारण आता तर अर्धं तिकीट नक्की, असं मी आमच्या ह्यांना छातीठोक सांगितलं होतं. फोन आला. "काय म्हणते खिडकी?" मी विचारलं. व्याही म्हणाले, "पूर्ण." मला राग आला. मी म्हटलं, एवढं तुम्ही केलंत आणि त्या बाईला काही वाटलं नाही? ते म्हणाले, "मी मागितलंच नाही, ताई. रांगेत होतो, माझ्यामागं तिथलीच दोन माणसं होती. एकानं सगुणाबाईंना विचारलं, हे कोण वं? तर त्या म्हणाल्या, हे आमचे नागपूरचे काका. आता नागपूरचा म्हटल्यावर पूर्ण तिकीट आलंच की." मग म्हणाले, "पण आमचे म्हणाल्या हां."

त्यानंतर वादाचे फोन बंद झाले. खरं सांगू का, मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं. पोळ्या निवांत होतात, कोणी निकाल मागत नाही. फोन लावला तर ते दवाखान्यात असतात. सगुणाबाईंकडून नंबर त्यांच्या नणंदेकडे गेला, तिच्याकडून खालच्या वस्तीत, तिथून आणखी कोणाकोणाकडे. मेळघाटातून कोणी धंतोलीत आलं की आधी व्याह्यांचा फोन वाजतो. गुडघे आता त्यांचेही कुरकुरतात, विहीणबाईंना बीपी आहे, टाइमशेअरच्या करारातली वर्षंही फार उरलेली नाहीत, आणि जावई म्हणतो पुढं वाढवायचा नाही.

यंदा दिवाळी झाली, त्यांचा आठवडा लागला, तेव्हा मी आपलं येताना तिकडची रबडी आणा हे सांगायला म्हणून फोन केला. विहीणबाई म्हणाल्या, "कुठचा चिखलदरा वं ताई, इथंच आहो आम्ही. तिकडचीच एक पोरगी बाळंतपणाले आली, अडली होती. हे तिथंच बसून राहिले कालपासून." मी म्हटलं, आणि खोली? "खोली राह्यली बंद. म्हणे, खोली काही पळून नाही जात." मग म्हणाल्या, "तुम्ही या. गोळाभात केला आहे."

मी रिक्षा करून गेले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, एका कोपऱ्यात गाठोडी, आणि मधोमध एक म्हातारी मेथी निवडत बसलेली. हातभर बांगड्या, नऊवारीचा पदर डोक्यावर. तिनं मला वरून खाली पाहिलं, डोळ्यांत नुसती काळजी. "तुमी कुठच्या, बाई?" तिनं विचारलं. "पेशंट कोणत्या दवाखान्यात आहे तुमचा?"

मी ह्या घरची विहीण, माझी लेक ह्या घरात दिलेली, नागपुरात माझा जन्म गेला. सगळं तोंडाशी आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, "पेशंट नाही, माय, कोणी."

तिचा काही विश्वास बसला नाही. ती थोडी बाजूला सरकली, सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली आणि अर्धी जुडी माझ्यापुढं सारली. "बसा," म्हणाली, "घाबरू नका. काका येतेच आता. सगळ्यायचं पाहते ते."

मी बसले, आणि मेथी निवडायला घेतली.